वेणूआत्याची चौकी

मागच्या आश्विनात मी एका आरोग्य केंद्राच्या प्रमुखांना पत्र लिहिले. माझे सगळे पत्रव्यवहार रजिस्टर पोस्टाने होतात आणि प्रत्येकाची प्रत माझ्याकडे असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्याचे नवल वाटणार नाही. विषय असा होता. माझ्या पुतण्याला, सुरेशला, दोन वर्षांपूर्वी त्याच्या पत्नीने आपले एक मूत्रपिंड दिले. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट लिहून दिले होते की दरवर्षी फ्लूची लस घ्यावी आणि घरातल्या सर्वांनीही घ्यावी. तो कागद घेऊन सुरेश केंद्रावर गेला, तर खिडकीतल्या गृहस्थाने त्याला सांगितले, "तुम्हाला ताप नाही, खोकला नाही, मग सुई कशाला? आणि बदललेल्या किडनीवाल्याला आम्ही हात लावत नाही." लेखी द्या म्हटल्यावर त्याने खिडकी लावून घेतली.

मी लेखी घेतलेच. चार पत्रे लागली. पहिल्यात विनंती, दुसऱ्यात स्मरण, तिसऱ्यात माहितीचा अधिकार आणि चौथ्यात माझा मूळ स्वभाव. पाचव्याची वेळ आली नाही. प्रमुखांनी स्वतः फोन करून सर्वांना बोलावले आणि दिलगिरीही व्यक्त केली. ती मी स्वीकारली, त्याचीही नोंद केली.

ज्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला टोचले त्यांना मी विचारले, की रुग्णाला लस दिल्यावर आम्हा बाकीच्यांचे दंड कशाला हवेत? त्या न कंटाळता बोलल्या. नवे मूत्रपिंड शरीराने परके म्हणून झिडकारू नये यासाठी सुरेशला ज्या गोळ्या चालू आहेत, त्या त्याची रोगाशी लढण्याची ताकदच दाबून ठेवतात. म्हणून लस घेतली तरी ती त्याच्या अंगी इतरांइतकी लागू पडेलच असे नाही, आणि साधा फ्लूही त्याला महागात पडू शकतो. तेव्हा त्याच्याभोवतीची माणसे सुरक्षित करायची, म्हणजे आजार त्याच्यापर्यंत पोचण्याची वाटच अरुंद होते. मी पुढे विचारले, "आम्ही टोचून घेतलेले लोक त्याच्याजवळ बसलो तर चालेल का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, ही लस मेलेल्या विषाणूची आहे. खुशाल बसा."

त्यांना माझा प्रश्न भाबडा वाटला असावा. तो भाबडा नव्हता. पंचावन्न वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका गावाच्या शिवेवर मी तोच प्रश्न एका कागदावर वाचला होता, आणि त्याचे उत्तर 'चालणार नाही' असे होते.

मी देवी डॉक्टर होतो. डॉक्टर हा लोकांनी दिलेला किताब. सरकारी दप्तरात मी लस टोचणारा. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा धुळ्याचा भाग होता आणि माझ्या हद्दीत तापीच्या दोन्ही काठांची गावे येत. देवीची लस वासराच्या अंगावर तयार केलेली असे. काचेच्या बारीक नळ्यांतून ती यायची आणि उन्हाची तिला भीती, म्हणून मी ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात सायकलला बांधून नेत असे. दंडावर थेंब ठेवायचा आणि त्यातून सुईचे गोल पाते हलकेच फिरवायचे. आठव्या दिवशी जाऊन पाहायचे. फोड उठला असेल तर लस लागली. पुढे त्यावर खपली धरते आणि तीनेक आठवड्यांनी ती आपोआप पडते. ही लस जिवंत असे, हे नीट लक्षात ठेवावे. त्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या जखमेला लागला तर तिथेही फोड उठे.

या धंद्यातली गंमतही सांगितली पाहिजे. नंदुरबारच्या पथारींवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मोकळ्या मैदानांवर, हिवाळ्यात मिरच्या वाळत घातलेल्या असत आणि रनाळे गावापासूनच्या बायका त्या निवडायला येत. मी तिथे गेलो आणि एका दुपारी साठ-सत्तर दंड टोचले. टोचल्यावर खाज सुटते. बायकांनी मिरचीच्या हातांनी दंड चोळले. पुढचे मी सांगत नाही. त्यानंतर पूर्ण एक हंगाम मला त्या बाजूने सायकलवरून जाता आले नाही. पुढच्या वर्षापासून मी पहाटे, कामाला हात लागण्याआधी जात असे आणि टोचण्यापूर्वी प्रत्येकीची माफी मागत असे. एका पोक्त बाईने ती माफी तीन वर्षे लागोपाठ नामंजूर केली, पण दंड मात्र दर वेळी पुढे केला.

माझा मोठा दोष, किंवा त्या काळी मला वाटे तो गुण, म्हणजे मी कायदा खिशात घेऊन हिंडत असे. अक्षरशः. लस टोचणीच्या कायद्याची पुस्तिका माझ्या सदऱ्याच्या खिशात असे आणि कोणी काचकूच केली की मी कलम वाचून दाखवी. कलम वाचताना मी प्रमाण मराठीत बोले, कारण अहिराणीत कोणी मला घाबरत नसे. दुसरी एक सवय होती, तिचा मला फार अभिमान होता. लोकांची भीती जावी म्हणून प्रत्येक गावात पहिले पाते मी सर्वांदेखत स्वतःच्या दंडावर फिरवी. वारंवार टोचल्यामुळे माझ्या अंगावर सहसा काही उठत नसे. पण लोकांना तेवढे पुरे होई.

साठनंतरच्या एका वर्षी चैत्र संपता संपता नदीपलीकडच्या गावात देवी निघाल्या. अलीकडच्या काठावरचे गाव गुजर शेतकऱ्यांचे. केळी आणि कापसाचे. नाव लिहीत नाही, कारण त्या घराची परवानगी घेण्यास आता कोणी उरलेले नाही. तिथले मोठे शेतकरी हिरामणआप्पा मला भेटायला चावडीवर आले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दहा दिवसांवर होती. खानदेशात आखाजी हा सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाझाडांना झोके लागतात. आप्पा हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आखाजी व्हई जाऊ द्या, मंग टोचा. पोरी येतीन. दंड सुजनात ते झोका कोन धरी?"

मी पुस्तिका काढली. साथ नदीपलीकडे आहे, सबब विलंब होणार नाही, असे सांगितले आणि वर म्हणालो, "नियम म्हणजे नियम." आप्पा सरळ मनाचे, त्यांनी सर्वांत आधी स्वतःची बाही वर केली. दोन दिवसांत मी गाव संपवले. फक्त ज्यांना लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या त्यांना सोडले. त्यांना पुन्हा देवी येत नाहीत, आणि नळ्याही मोजक्याच होत्या. आप्पांच्या घरात असे एकच माणूस होते, त्यांची बहीण वेणूआत्या. चेहरा वणांनी भरलेला, एक डोळा अधू. त्या तोंडामुळे तिचे लग्न झाले नाही आणि ती भावाच्या स्वयंपाकघरात म्हातारी होत होती. आखाजीला गौराई आणायला निघणाऱ्या बायकांत तिला कधी कोणी बोलावत नसे. मी तिच्या दारावरून पुढे गेलो, तेव्हा ती म्हणाली, "तुम्हनी सुईबी माले टाळस का?" मी नळ्या मोजत पुढच्या घराकडे वळलो. त्याची मला अजून लाज वाटते.

गाव टोचून झाल्यावर मी शिवेवर, नाल्याच्या पुलाजवळच्या कडुनिंबाखाली, चौकी मांडली. आखाजीसाठी बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला तिथे टोचूनच आत सोडायचे. पुन्हा पहिले पाते माझ्या दंडावर. त्या वर्षी नळीतला माल ताजा असावा, कारण माझ्या दंडावर चक्क फोड उठला. मला आनंद झाला. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो कौतुकाने दाखवी.

सणाच्या आधी दोन दिवस आप्पांची बैलगाडी नंदुरबार स्टेशनावरून आली. गाडीत त्यांची थोरली मुलगी सुमन होती. तिचा नवरा मुंबईला कारकून. सुरत, नवापूर असा प्रवास करून ती एकटी आली होती. वीस-एकवीस वर्षांची, चेहरा गोल, गाल फुगलेले. मुंबईचे पाणी मानवले आहे असे मी मनात म्हणालो आणि तिला खाली उतरवून नळी फोडली. आप्पा लेकीला घ्यायला चौकीपर्यंत आले होते; त्यांनी हात जोडून सांगितले की पोरीची तब्येत नाजूक आहे, अंगावर सूज येते. मी कलमाचा आकडा सांगितला.

सुमनने बाही वर केली नाही. तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

"भाऊ, पहिले हाई वाचा. मंग टोचानं व्हई ते टोचा."

कागद इंग्रजीत होता, मुंबईच्या रुग्णालयाचा. तिच्या मूत्रपिंडांना विकार होता आणि त्यासाठी कॉर्टिझोनच्या जातीच्या गोळ्या चालू होत्या. फुगलेले गाल त्या गोळ्यांचे होते. गोळ्या एकाएकी थांबवायच्या नाहीत, आणि त्या चालू असेपर्यंत शरीराची रोगाशी लढण्याची ताकद मंद राहते. खाली लाल शाईने दोन ओळी होत्या. एक, हिला देवीची लस टोचू नये. दोन, ज्यांना नुकतीच टोचली आहे त्यांच्यापासून खपली पडेपर्यंत हिला दूर ठेवावे, संसर्ग झाल्यास जिवाला धोका आहे.

मी तो कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला घेतला तेव्हा माझ्या ध्यानात आले, की मी तिच्यापासून दीड हातावर उभा आहे आणि माझी बाही वर दुमडलेली आहे. मी मागे सरलो. इतका मागे, की पाय नाल्यात गेला.

पुढे गाव होते. त्या गावात तिची आई होती, बहिणी होत्या, मैत्रिणी होत्या आणि त्यांतल्या प्रत्येकीच्या दंडावर मी माझ्या हाताने ओला फोड उठवून ठेवला होता. मागे फिरून आगगाडीने मुंबईला पाठवावे, तर नदीकाठच्या गावागावांतून सणासाठी निघालेल्या गर्दीत देवीचा रुग्ण कोणत्या डब्यात बसला असेल हे कोणी सांगावे? नवीन सारवलेल्या भिंतीसारखे ते गाव झाले होते. आडोसा होता, पण टेकता येत नव्हते. आणि भिंत सारवणारा मी होतो.

आप्पांना मी ते सर्व सांगितले. अहिराणीत सांगितले, त्या दिवशी प्रमाण मराठी माझ्या तोंडातून निघाली नाही. आप्पांनी आधी आपल्या दंडाकडे पाहिले आणि गाडीपासून दहा पावले दूर जाऊन उभे राहिले. पोर गाडीजवळ रडत होती. बाप तिच्या डोक्यावर हात ठेवू शकत नव्हता. सर्वांनी मिळून माझ्याकडे पाहिले, आणि मला आयुष्यात पहिल्यांदाच एकही कलम आठवेना.

तेवढ्यात गाडी अजून का येत नाही म्हणून घरातून वेणूआत्या चालत आली. तिला लांबूनच थांबवून आप्पांनी हकीकत सांगितली. ती ऐकत राहिली. मग तिने पदर सावरला, बाही वर ओढली आणि दंड माझ्यापुढे धरला.

"मन्हा दंड दखा, डॉक्टर. कोरा शे. देवी माले लहानपनमाच उनी व्हती. पोरजवळ मी ऱ्हासू."

साऱ्या घरात, ज्याच्या अंगावर जखम नाही आणि ज्याला देवी येण्याची भीतीही नाही, असे तेच एक माणूस होते. मी ज्याला टाळून पुढे गेलो होतो ते.

गावाबाहेर आप्पांचा केळीचा मळा होता आणि त्यात विहिरीजवळ एक स्वच्छ खोली. गावच्या कपड्यांतून संसर्ग नको म्हणून वेणूआत्याने नवे लुगडे मागवले, विहिरीवर अंघोळ केली आणि नेसलेले वस्त्र तिथेच उकळायला घातले. यातले काहीही मी सांगितले नव्हते. शिधा बांधावर ठेवायचा आणि ठेवणाऱ्याने निघून जायचे, हेही तिनेच ठरवले. पुढचे तीन आठवडे त्या मळ्याच्या बांधावर तिची चौकी होती, आणि माझी चौकी तिच्यापुढे पोरखेळ होती. मी विचारपूस करायला जाई तेव्हा ती मला पन्नास पावलांवर थांबवी आणि तिथूनच सुमनची खुशाली सांगे. एकदा मी चाळिसावर गेलो, तर तिने हातातली काठी नुसती जमिनीवर टेकवली.

वरिष्ठांना मी लगोलग सुमनच्या नावाचा टोचणीस अपात्र असल्याचा दाखला करून पाठवला. तो परत आला. शेरा असा, की सदर नमुना फक्त मुलांसाठी आहे आणि स्त्री सज्ञान आहे. मी सात पानांचे उत्तर लिहिले. माझ्या आयुष्यातले ते पहिले रागाचे पत्र. त्याआधी मी फक्त कायद्याची पत्रे लिहीत असे. त्यात मी लिहिले, की नमुना मुलांसाठी असेल, पण मरण सज्ञानांनाही येते, आणि कायदा जीव वाचवण्यासाठी केला असेल तर तो या दाखल्याच्या आड येऊ शकत नाही. पंधरा दिवसांनी दाखला मंजूर होऊन आला. तेव्हापासून मी पत्र लिहायचे सोडलेले नाही.

आखाजीचा दिवस उजाडला. आमच्याकडे या सणाची एक जुनी रीत आहे. बायका-पोरी नाल्याच्या दोन काठांवर समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. वर्षभर सासरी गिळलेले सगळे तिथे बाहेर पडते आणि कोणी राग मानत नाही. दरवर्षी पलीकडच्या काठावर शेजारच्या गावच्या बायका असत. त्या वर्षी साथीमुळे त्या आल्या नव्हत्या. नाला मात्र आप्पांच्या मळ्याला लागूनच होता.

दुपारी सारा गाव अलीकडच्या काठावर जमला. पलीकडे, केळीच्या सावलीत, वेणूआत्या आणि सुमन दोघीच. मध्ये नाल्याची वीस-पंचवीस हातांची कोरडी वाळू. सुमनची आई पुढे आली आणि रीत मोडायची नाही म्हणून तिनेच सुरुवात केली. "वं सुमे, मुंबईनं पानी पिसन गाल डालकीएवढा व्हई गयात! माहेरनी भाकर आते गोड लागस का?"

मग जिला आजवर या खेळात कोणी घेतले नव्हते, ती वेणूआत्या कमरेवर हात ठेवून ओरडली.

"गाल फुगनात ते फुगनात! तुम्हना दंड ते भरीतना वांगासारखा सुजनात, पहिले त्या झाका!"

काठावर हशा पिकला. साठ वर्षांचे साठलेले होते तिच्याजवळ. अलीकडून चाळीस जणी आणि पलीकडून ती एकटी, तरी कोणी तिला हरवू शकले नाही. सुमन आधी तोंडावर पदर घेऊन हसत होती, मग तीही आत्याच्या बाजूने भांडू लागली. मी बाजूला सायकल धरून उभा होतो; वेणूआत्याची नजर माझ्याकडे वळली. "आनि तो दखा देवीना डॉक्टर! तो ते दोन्ही काठसना नही!" इतक्या नेमक्या शब्दांत माझ्या नोकरीचे वर्णन कोणत्याही वरिष्ठाने केले नाही.

त्या गावात त्या साथीत एकालाही देवी आल्या नाहीत. टोचणीचे मी केले ते योग्य होते, हे मी आजही ठासून सांगेन. पण सुमन वाचली ती माझ्या पात्यामुळे नव्हे. ती वाचली ती एका कागदामुळे, जो वाचायला तिने मला भाग पाडले, आणि एका कोऱ्या दंडामुळे. ती पुढे बारा वर्षे जगली, तिला एक मुलगी झाली. अखेर मूत्रपिंडांनीच घात केला. एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवतात हे तेव्हा आमच्या मुलखात कोणी ऐकलेही नव्हते. नाहीतर वेणूआत्याने काय केले असते, ते मला पक्के माहीत आहे. केंद्रावर आम्ही सारे बाही वर करून रांगेत बसलो, तेव्हा सुरेशच्या पत्नीकडे पाहताना मला तीच आठवत होती.

मात्र एक दिवस मी सर्वांत जपून ठेवला आहे. वैशाख वद्य पक्षात मी आप्पांच्या घरचा प्रत्येक दंड तपासला. सगळ्यांच्या खपल्या पडल्या होत्या, कातडी कोरडी, गुलाबी. मी मळ्याच्या बांधावर जाऊन पन्नास पावलांवरून तसे जाहीर केले. वेणूआत्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. ती आधी एकटी घरी गेली, ओट्यावर उभी राहिली आणि तिने एकेकाची बाही वर करून स्वतः पाहिले. आप्पांची, वहिनीची, पोरींची. मग मळ्यात जाऊन भाचीला हाताला धरून आणले. आईने उंबरठ्यावर तिच्यावरून तुकडा ओवाळला आणि पहिल्यांदा तिला मिठी मारली.

मीही मागोमाग निघालो. ओट्याच्या पायरीवर वेणूआत्या आडवी आली.

"डॉक्टर, बाही वर करा."

माझा फोड सर्वांच्या नंतरचा, चौकीवरचा. खपली अजून घट्ट होती. तिने खपलीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच प्रमाण मराठीत म्हणाली, "नियम म्हणजे नियम."

मी मागे फिरलो आणि घरासमोरच्या कडुनिंबाखालच्या दगडावर बसलो. थोड्या वेळाने सांजोऱ्यांचे ताट आले. आणणाऱ्याने ते माझ्यापासून दहा पावलांवर ठेवले आणि तो निघून गेला. आतून बायकांचा एकाच वेळी बोलण्याचा आवाज येत होता आणि त्यात सुमनचा ओळखू येत होता. मी उठलो, ताट उचलून आणले आणि ओट्यावर पहाऱ्याला बसलेल्या वेणूआत्याला तिथूनच नमस्कार केला. तिने काठी जरा वर उचलली, आणि मी जेवायला बसलो.